टिटवीच्या हद्दीत

पहिल्यांदा ती डोक्यावरून गेली तेव्हा मला कावळा वाटला. मे महिन्यातलं बारा वाजताचं ऊन, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि मोबाइल. अशा वेळी माणूस वर बघत नाही, पायाखाली बघतो. दुसऱ्यांदा ती समोरून आली, थेट कपाळाच्या रोखाने, आणि अगदी शेवटच्या क्षणी वळली. पंखांचा वारा गालाला लागला. मग तो आवाज. टिटिव-टिव, टिटिव-टिव, टी-टी-टी. एक थांबली की दुसरी सुरू. माळावरून लांबून ऐकू येणारी टिटवी उदास वाटते. कानाशी येऊन ओरडणारी टिटवी अजिबात उदास नसते. ती भांडत असते, आणि भांडण आपल्याशीच आहे हे कळायला वेळ लागत नाही. मी दोन पावलं मागे सरले, तिने मला आणखी दोन सरकवलं, आणि असं करत करत मी फाटकाबाहेर कधी पोचले ते मलाच समजलं नाही.

फाटक म्हणजे एक बिजागरी निखळलेला लोखंडी पत्रा. त्याच्या सावलीत शेळ्या राखत बसलेले एक म्हातारे बाबा माझी ही माघार शांतपणे बघत होते. "तिकरं जाव नको बाय," ते म्हणाले, "आंडी हायेत तिची." आणि विडी पेटवायला लागले.

जागा अलिबाग तालुक्यातल्या एका गावातली, बेने इस्राएल लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं जुनं कबरस्तान. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हल्ली नाव लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथे चार गाड्या उभ्या राहतात, त्यातल्या एकीच्या डिकीतून ड्रोन निघतो. मी गेले होते ते एका मावशींच्या कामाला. ठाण्याला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत त्या राहायच्या. सत्तरच्या दशकात सगळं बिऱ्हाड आवरून इस्राएलला गेल्या, आता अश्दोदला असतात. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, आणि मराठी आमच्यापेक्षा शाबूत आहे. त्यांच्या वडिलांचे वडील या गावात पुरलेले. "एकदा जाऊन ये ना गं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "जरा झाडून घे, एक खडा ठेव माझ्या नावाने, आणि फोटो पाठव. अक्षरं वाचता आली पाहिजेत हां. नुसतं गवत नको दाखवूस."

आता अक्षरं वाचायची म्हणजे जवळ जायला हवं. आणि जवळ जायचं म्हणजे तिची परवानगी हवी.

विडी संपल्यावर बाबांनीच मार्ग काढला. मागच्या बाजूला गडगा पडलेला आहे, तिथून ते मला आत घेऊन गेले. त्यांच्यावर ती ओरडली, पण उपचार म्हणून ओरडावं तेवढंच, रोजचा माणूस. मला त्यांनी एका कबरीच्या आडोशाला उभं केलं आणि काठीने लांबूनच दाखवलं. मला काहीच दिसेना. काळ्या दगडाची आडवी कबर, पायथ्याशी चुना उडालेला, तिथे पावसाने कोरलेला एक खोलगट भाग आणि त्यात खडे. खड्यांचं कारण मला माहीत होतं. ज्यू लोक कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. वर्षानुवर्षं कोण कोण येऊन ठेवून गेलेले ते खडे, दर पावसाळ्यात थोडे थोडे घरंगळत त्या खळग्यात जमा झालेले. काही समुद्रावरचे गुळगुळीत, काही रस्त्यावरची खडी, एक पांढरीशुभ्र गारगोटी. "दिसत नाय?" बाबा म्हणाले. "नीट बघ." मी बघत राहिले आणि मग एकदम त्यातले चार खडे अंडी झाली. करड्या-मातकट रंगाची, वर काळपट डाग, शाई सांडून टिपल्यासारखे. चारही निमुळती टोकं आत, मध्यभागी जुळवलेली, रुंद बाजू बाहेर. भोवती शेळीच्या लेंड्यांचं कडं. एक काडी नाही, एक पीस नाही. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं, आणि तरी ती जागा इतकी ठरवून मांडलेली होती की मी श्वास रोखून धरला होता.

कबर अर्थातच मावशींच्या आजोबांची होती. "फाटकातून सरळ ये, डाव्या हाताला विटांचा कट्टा, त्याच्या पुढची" हा पत्ता मावशींना पन्नास वर्षांनी तोंडपाठ होता, आणि तो बरोबर निघाला. दगडावर वर दोन ओळी हिब्रू असाव्यात, खाली देवनागरी. एवढ्या अंतरावरून नुसत्या रेघा दिसत होत्या, आणि त्यांवर शेवाळ वाळून झालेले काळे पापुद्रे. खराटा माझ्या हातात तसाच होता.

मला राग आला, हे खरं सांगायला हवं. पहाटे ठाण्याहून निघून, वडखळच्या नाक्यावर तासभर अडकून, पुढे पोयनाड, कार्ले खिंड असं करत उन्हाने वैतागून मी तिथे पोचले होते. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईने आयुष्यात माझ्याकडे एवढंच एक मागितलं होतं. आणि मध्ये उभी होती चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभर, फार तर दीड वीत असलेली एक टिटवी. चार पावलं टाकली असती, अंडी ओलांडून उभी राहिले असते, दोन मिनिटं ओरडा सहन केला असता, तर फोटो झाला असता. चोचीने फोडून फोडून ती काय फोडणार होती? पण बाबा शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यात मी तसं करणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. मग मलाही ते गृहीत धरावं लागलं.

कबरस्तानाच्या कोपऱ्यात एक चिंच आहे. तिच्याखाली जाऊन बसले. टिटवी पाचेक मिनिटं माझ्याकडे एका डोळ्याने बघत उभी राहिली. डोळ्यापुढचा तो लाल लोंबता पडदा, लाल चोच, काळी छाती आणि खाली पिवळे लांब पाय. मग ती चालायला लागली. सरळ अंड्यांकडे गेली नाही. चार पावलं इकडे, थांबली, मातीत उगाच चोच मारली. मग भलत्याच दिशेला धावली, पुन्हा थांबली. अंडी कुठे आहेत हे आपल्याला आठवतच नाही असा आव. मला दिशाभूल करायचे हे सगळे सोपस्कार करून झाल्यावर ती खळग्यापाशी आली, पोटाची पिसं फुलवली, जरा डुलली आणि बसली. बसली आणि दिसेनाशी झाली. काळा दगड, करडे खडे, पिवळं गवत आणि त्यात एक लाल ठिपका, तोही कुठे बघायचं ते माहीत असेल तरच.

तिथे बसल्या बसल्या मला मावशींची खोली आठवायला लागली. दाराच्या चौकटीला तिरपी ठोकलेली ती छोटी डबी, मेझुझा. येता-जाता तिला बोट लावून बोट ओठाला लावायचं. मावशींची मुलं लावायची म्हणून मीही लावायची. आमच्या घरात कुणी हरकत घेतली नाही, उलट आजी म्हणायची, देव आहे ना तो, मग झालं तर. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावलेली असायची. शनिवारी त्यांच्याकडे चूल नाही, म्हणून शुक्रवारीच सगळं शिजवून ठेवलेलं. आणि नारळाचं दूध. त्या घरात कायम नारळाच्या दुधाचा वास असायचा, कारण मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, मग कालवणाला नारळाचं दूध. आम्ही गाईच्या दुधातली खीर खायचो, मावशींकडची नारळाच्या दुधातली. दोन्हीकडे वाट्या घेऊन धावायचो. त्यांचे सणही आमच्या कानाला परके वाटत नव्हते. खिरीचा सण, बिरड्याचा सण. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करायच्या तेव्हा ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळी-सफरचंदं आणि एक फूल. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी मलिदा आला की आमची चैन असायची.

त्यांची माणसं पूर्वी याच पट्ट्यात तेल गाळायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं बघा: नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसावं आणि आडनावं लावत जावीत. महालक्ष्मीहून जाताना ई. मोझेस रोडची पाटी वाचतो, ते मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर मोझेस याच समाजातले. पडद्यावरचा आपला टकला, हसरा डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर मराठी मुलखात सामाजी हसाजी दिवेकर होते. या कबरस्तानातही माझ्या जवळच्या दोन-तीन दगडांवर वाचता आलं ते असंच काहीतरी, जी आणि बाई लागलेलं. एका दगडावर देवनागरी अक्षरं कोरणाऱ्याने मध्येच वेलांटी उलटी काढली होती आणि मग तशीच सोडून दिली होती. कुणी तरी पाथरवट, हिब्रू अक्षरं नक्षी म्हणून बघून बघून उतरवलेली आणि मराठीत चुकलेला. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

सगळं सुरू झालं म्हणतात ते इथून उत्तरेला, नवगावला. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. वाचलेल्यांनी ती पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या. त्यावर आज स्मारक उभं आहे. कधीची गोष्ट, कोणतं जहाज, कुठून निघालेलं, यावर अभ्यासकांची मतं दोन हजार वर्षांच्या पट्ट्यात इकडेतिकडे फिरतात. पोथ्या बुडाल्या, कागद बुडाले, भाषा विसरली. उरलं ते शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि एक प्रार्थना, शेमा, तिचीही पहिली ओळ. तेवढ्यावर हे लोक शतकानुशतकं इथे भात लावत, तेल गाळत राहिले.

आणि मग इस्राएलला गेल्यावर त्यांना विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? मावशींचे थोरले दीर त्यांच्या आधी गेले होते, त्यांनी ते दिवस पाहिले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने ठरवलं की बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंतची चौकशी करावी. माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरून बसली. १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. मावशी ही गोष्ट सांगायच्या तेव्हा शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: "आमच्या पणज्या तर तिथे मातीत झोपल्यात, जा म्हणावं, विचारा त्यांना." तिथे म्हणजे इथे. चिंचेखाली बसून मी त्या पणज्यांकडे बघत होते. विचारायला जायचं तरी टिटवी जाऊ देत नव्हती.

आमच्या आजीला टिटवीचं भारी वावडं. गावी असताना रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की आजी अंथरुणात उठून बसायची, देवाचं नाव घ्यायची, आणि सकाळी आळीत कोण आजारी आहे त्याची चौकशी करून यायची. कोणी ना कोणी आजारी असायचंच. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पायांवर झेलायला, हेही तिनेच सांगितलेलं. आणि पावसाचं तर विचारू नका. दर मे महिन्यात वर्तमानपत्रात बातमी येतेच: टिटवीने उंचावर अंडी घातली, यंदा धो धो, सखल जागी घातली, यंदा दुष्काळ, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, तीन म्हणजे तीन. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. तेव्हा भाकीत चुकलं तर दोष पावसाचा.

बाबांना मी विचारलं, ही कबरस्तानात ओरडते, लोकांना अपशकुन वाटत नाही? ते म्हणाले, इथे आता मरायला कोण उरलंय. गावात शेवटचं बेने इस्राएल घर होतं ते बंद होऊनही काळ लोटला. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशभर मिळून हे लोक वीसेक हजार होते, आता काही हजार, तेही बरेचसे ठाणे-मुंबईत. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग आहे, परगावचे लोक येतात, चार फोटो काढतात. गावागावांतली कबरस्तानं मात्र शेजाऱ्यांवर आहेत. बाबांचे वडील इथे गवत कापायचे, आता बाबा कापतात. कोणी वर्षाकाठी येऊन पैसे देतं, कोणी देत नाही. "त्यांचे घानीवर आमचा बाप कामाला व्हता," एवढंच कारण त्यांनी दिलं, आणि त्यांच्या दृष्टीने ते पुरेसं होतं.

समुद्राने टिटवीची अंडी नेली आणि तिने समुद्र आटवायला घेतला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. चोच भरून पाणी काढून टाकायचं, पुन्हा यायचं. शेवटी गरुड येतो, गरुडासाठी विष्णू येतो, समुद्र घाबरून अंडी परत करतो. टिटवी देखील समुद्र आटवते, अशी म्हणच आहे आपल्याकडे. लहानपणी मला त्यात टिटवीचा पराक्रम दिसायचा. त्या दुपारी लक्षात आलं की सगळा पराक्रम ओळखीचा आहे. वरपर्यंत ओळख होती म्हणून अंडी मिळाली. नवगावच्या किनाऱ्यावर त्या चौदा जणांसाठी कोणी गरुड आला नव्हता. समुद्राने जे परत केलं ते पुरण्यापुरतंच.

उन्हं थोडी कलली तशी एक गंमत पाहायला मिळाली. बाबांनी शेळ्यांसाठी अर्धं कापलेलं एक निळं पिंप पाण्याने भरून ठेवलंय, गळतं आहे, त्यामुळे खाली कायम डबकं. जोडीतला दुसरा पक्षी (नर की मादी कोण जाणे, दोघं सारखीच दिसतात आणि दोघं आळीपाळीने उबवतात) उडत तिथे आला. पाणी प्यायला असेल असं वाटलं. तो डबक्यात जाऊन बसला. पोट पाण्यात टेकवून, पिसं फुलवून, नीट भिजेपर्यंत बसला. मग उठून धावत धावत खळग्याकडे गेला, पहिली उठली, हा बसला. ओल्या पोटाने. मे महिन्यात काळा दगड किती तापतो ते मी हाताने बघितलं होतं, चटका बसत होता. अंडी उबवायची नाहीत, थंड ठेवायची होती! थोड्या वेळाने पुन्हा अदलाबदल. कुठलाही गाजावाजा नाही, एकमेकांकडे बघणंसुद्धा नाही. संसार फार वर्षं झालेल्या घरात पाळ्या ठरलेल्या असतात तसं.

इथून किहीम जवळच. सलीम अलींनी १९३० साली तिथेच सुगरणींची घरटी महिनोन्‌महिने बघत बसून त्यांच्या संसाराचं कोडं सोडवलं. त्याच गावाचं नाव लावणारे आयझॅक किहीमकर आज फुलपाखरांचे मोठे जाणकार आहेत. या पट्ट्यात माणसाने पाखरांकडे बघत बसावं असं काहीतरी असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि अजून अर्धा तास बसले. खरं कारण वेगळं होतं. ऊन असह्य होतं आणि गाडीचा एसी बिघडला होता.

तरी एक प्रश्न डोक्यात घोळत होता. चहूबाजूला एवढा माळ, एवढी शेतं, आणि हिला नेमकं इथे का सुचावं? गडग्यावर उभं राहून पाहिलं तेव्हा उत्तर मिळालं. शेतं कुठे आहेत? पूर्वी भात कापल्यावर दिवाळीपासून मृगापर्यंत उघडी पडलेली खाचरं होती, बांध होते, वरकस जमीन होती. टिटवीला अशीच जागा लागते, उघडी, खडेमातीची, लांबवर दिसेल अशी. झाडावर ती बसत नाही, झुडपांत घरटं करत नाही. आता उजवीकडे भराव टाकून पाच फुटांची भिंत, आत पाणी मारून मारून हिरवंगार ठेवलेलं लॉन आणि निळा तलाव. डावीकडे ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’. पलीकडे आणखी एक भिंत, तिच्यावर काचा. त्या सगळ्यांच्या मध्ये हा एवढाच तुकडा, जो कोणाला विकता येत नाही. जिवंत मालक दूर देशी आणि जमिनीत झोपलेले हलायला तयार नाहीत. एका बाजूने गडगा आत सरकवायचा उद्योग कोणीतरी केलेला दिसत होता, नवे चिरे रचलेले होते. मी विचारल्यावर बाबांनी कोणाचं नाव घेतलं नाही, नुसता हात हवेत उडवला. मला वाटलं, त्या बाजूला टिटवीने घर करायला हवं होतं.

मला हेवा वाटला, तोही सांगते. टिटवीचा नाही, मावशींचा. माझ्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. अस्थी नाशिकला सोडल्या, गोदावरीत, पाठीमागून गुरुजी घाई करत होते कारण पुढचं कुटुंब रांगेत होतं. त्यानंतर वडिलांना भेटायला जायचं असं ठिकाण नाही. दरवर्षी पान वाढतो, कावळा शिवतो किंवा शिवत नाही. मावशी चारेक हजार किलोमीटरवर बसून सांगू शकतात: फाटकातून सरळ, डाव्या हाताला. आमच्यात कोणाला असा पत्ता सांगता येत नाही. तोवर मला आपली पद्धतच सुटसुटीत वाटायची, मागे काही ठेवायचं नाही, जागा अडवायची नाही. चिंचेखाली ती तेवढी पटेना.

पाचच्या सुमाराला सावल्या लांबल्या तेव्हा मी लांबूनच, मोबाइलचा झूम ताणून, फोटो काढला. कबर आली, चुना आला, गवत आलं, अक्षरं आली नाहीत. मध्यभागी मान वर करून बसलेली टिटवी. माझा खडा मी विटांच्या कट्ट्यावर ठेवला. बाबांना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले, आणि म्हणाले की पिल्लं चार-दोन दिवसांत फुटतील, फुटली की त्याच दिवशी आयशीमागं पळतात, मग गवत काढतो, मग ये. फाटकाची बिजागरी पावसाआधी करून घ्यायचं त्यांनी कबूल केलं. वेल्डिंगवाला पोयनाडहून येईल तेव्हा.

रात्री फोटो पाठवला, खाली सगळी हकीकत लिहिली. आधी उत्तर आलं ते मावशींच्या मुलाचं. त्याला मराठी समजतं, लिहिता येत नाही. त्याने इंग्रजीत नीट लोकेशन मागितलं आणि विचारलं की पक्ष्याला हलवण्याची काही व्यवस्था होऊ शकते का. मी म्हटलं, नाही होऊ शकत. त्याने अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी मावशींचा व्हिडिओ कॉल. कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं, त्या फोन नेहमी तसाच धरतात. मी दिलगिरीचा सूर लावायच्या आत त्यांचंच सुरू झालं.

"अगं, टिटवी ना? ही बया इथे पण आहे! आमच्या पार्किंगमध्ये. हिला लाल नाही, काळी टोपी आहे आणि गाल पांढरे. पण खोड तीच. गच्चीवर अंडी घालते, खाली गवतात घालते, जिथे माणसं येणार तिथे बरोबर घालते. मागच्या वर्षी माझ्या काठीवर धावून आली. रात्रभर ओरडते. शेजारीण रशियन आहे, ती म्हणते, म्युनिसिपालिटीला कळवू. मी म्हटलं, कळवून काय करतेस, चार आठवड्यांचा प्रश्न आहे, कापूस घाल कानात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी खिडकीतून शिव्या देते. मराठीतून. हिब्रूत तेवढं जमत नाही मला." मग जरा थांबून, "किती आहेत म्हणालीस? चार? मग चार महिने पाऊस. बरं झालं. भात चांगला येईल यंदा."

भात आता तिथे कोण लावतं, ते मी सांगणार होते. पण तेवढ्यात त्यांनी विषय बदलला होता. येताना पांढरा कांदा घेतलास की नाही? घेतला, म्हटलं, कार्ले खिंडीच्या अलीकडे, दोन माळा. केवढ्याला? मी आकडा सांगितला. फोनमधलं कपाळ एकदम जवळ आलं.

"एका माळेचे? आणि तू दिलेस? अगं, घासाघीस करायची ना! तोंड शिवलं होतं का तुझं? थांब, पुढच्या वेळी गेलीस की मला फोन लावून दे त्या बाईशी. मी बोलते तिच्याशी."